कामावर ओळख नसते

अधिकाऱ्यांनी बांधकामावर अंगमेहनतीचं काम करावं, हा आदेश आमच्या कारखान्यात लेखी कधीच निघाला नाही. तो सर्वसाधारण सभेत, ध्वनिक्षेपकावरून, एका वाक्यात निघाला. त्या वाक्याचा अर्थ काय, याबद्दल त्या दिवशी मंडपात बसलेल्या लोकांचं पुढे कधीही एकमत झालं नाही.

कारखाना सहकारी, साखरेचा. पण तेव्हा तो कागदावर आणि खड्ड्यांत होता. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका माळावर जमीन घेतली होती, भागभांडवल गोळा होत होतं, यंत्रांची मागणी नोंदवून झाली होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दडी मारली होती. सभासदांच्या शेतात ऊस उभ्यानं वाळत होता आणि बांधकामावरचे बरेचसे मजूर आपापल्या गावाजवळ निघालेल्या रोजगार हमीच्या कामांवर निघून गेले होते. अधिकारी मात्र आधीच नेमले गेले होते. चालवायला कारखाना नव्हता, चालवणारे होते.

त्यांच्यात मी एक. त्याआधी बरीच वर्षं सोलापूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो, इथं जनसंपर्क अधिकारी म्हणून आलो. जनसंपर्क म्हणजे ‘कारखाना कधी सुरू होणार?’ या प्रश्नाला रोज नवं उत्तर देणं.

सभेत एक म्हातारे सभासद उठून उभे राहिले. त्यांनी आधी टोपी सारखी केली, मग विचारलं, “कारखाना दिसंना झालाय, पर सायेब लोक दिसत्यात. ते दिसभर करत्यात काय, तेवढं सांगा.”

मंडप हसला. चेअरमन हसले नाहीत. ते ध्वनिक्षेपकासमोर आले आणि म्हणाले, “उद्यापासून साहेब लोक तुम्हाला बांधकामावर दिसतील. डोक्यावर घमेलं घेतलेले.”

टाळ्या पडल्या. व्यासपीठाच्या मागच्या खुर्च्यांवर आम्ही अधिकारी बसलो होतो. आम्हीही टाळ्या वाजवल्या, कारण त्या क्षणी दुसरं काय करायचं ते कुणालाच सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाच्या पत्र्याच्या शेडसमोर कारखान्याची जीप उभी राहिली. ड्रायव्हरनं नवी घमेली उतरवून एकावर एक रचली. कुणी पाठवली, असं विचारल्यावर त्यानं, “मला टाकून या म्हणाले,” एवढंच सांगितलं आणि तो गेला.

घमेल्यांभोवती उभं राहून आमची पहिली चर्चा झाली. हिशेब अधिकाऱ्यांच्या मते हे एका दिवसाचं श्रमदान होतं, छायाचित्र काढून झालं की संपेल. बांधकामाच्या इंजिनिअरला वाटलं, मजूर कमी पडताहेत म्हणून हा उपाय. शेतकी अधिकारी उमरग्याकडचे, जिल्ह्यातलेच. ते म्हणाले, “लहर हाय. लहरीला कारण नसतंय.” मॅनेजरसाहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि वरचं घमेलं उचललं.

काम गव्हाणीच्या खड्ड्यावर होतं. कारखान्यात ऊस जिथं गाडीतून ओततात ती जागा म्हणजे गव्हाण. तिच्याखाली खोल खड्डा लागतो. मुरुमात तो खणला जात होता. पुरुष टिकावानं खणायचे, बाया घमेल्यातून मुरूम वर वाहून टाकायच्या. आम्हाला बघून मुकादम गोंधळला. त्यानं इंजिनिअरला विचारलं, “ह्यांना कुठं घालू?” इंजिनिअर म्हणाला, “त्यांनाच विचार.” मुकादमानं आम्हाला विचारलं, “सायेब, तुमी खांदनार का व्हानार?”

“आदेशात काय म्हटलंय?” मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं. शब्द लक्षात ठेवणं हा माझा पूर्वीचा धंदा होता.

“घमेलं म्हटलंय,” मी सांगितलं. “टिकावाचा उल्लेख नाही.”

म्हणून आम्ही वाहणाऱ्यांत गेलो. त्या ओळीत सगळ्या बायाच होत्या. पुढच्या आजीबाईनं मॅनेजरसाहेबांकडे वळून पाहिलं. “आवो सायेब, घमेलं डोस्क्यावर घेत्यात. छातीला धराया त्ये काय लेकरू हाय?” मागच्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. मॅनेजरसाहेबांनी घमेलं डोक्यावर घेतलं. खालची चुंबळ सरकली आणि मुरूम त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यात गेला.

एका दिवसात ते संपलं नाही. छायाचित्र काढायला कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी जावं की नाही, हे सांगायलाही कुणी आलं नाही, म्हणून आम्ही गेलो. मग ते अंगवळणी पडलं. भागाच्या पावत्या न्यायला आलेले सभासद कार्यालय रिकामं बघून खड्ड्याच्या काठावर येऊन उभे राहायचे.

“मॅनेजर कोन हाय ह्यात?”

“त्यो बगा, म्हातारीच्या मागचा.”

“आन हिशेबाचे?”

“ते चाललेत पानी प्यायला. सारखं पानी पित्यात.”

मॅनेजरसाहेब घमेलं खाली ठेवून, हात पँटला पुसून, काठावरच पावत्यांवर सह्या करायचे. मधल्या सुट्टीत ते कार्यालयात जाऊन टपाल बघायचे. आपण कार्यालयात नसतो याबद्दल आपल्याला जाब विचारला जाईल, की कार्यालयात सापडलो याबद्दल, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. आम्हालाही नाही. चेअरमनांची जीप अधूनमधून माळावरून जायची. आतून ते हात वर करायचे. तो नमस्कार होता, शाबासकी होती, की चालू ठेवा अशी खूण होती, यावर जेवणाच्या सुट्टीत वाद व्हायचा.

मॅनेजरसाहेब साताऱ्याकडचे. पन्नाशी ओलांडलेले, तिकडच्या एका जुन्या कारखान्याच्या कार्यालयात आयुष्य घालवलेले. इथं मॅनेजरचं पद आणि राहायला जागा मिळाली, म्हणून आलेले. त्यांची मुलगी बी.ए. झालेली होती. तिची दोन स्थळं येऊन परत गेली होती. तिसरं तुळजापूर तालुक्यातलं, तामलवाडीजवळच्या एका गावातलं होतं. मुलगा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, घरी जमीन. मुलाच्या वडिलांची आणि मॅनेजरसाहेबांची तुळजापूरच्या एका लग्नात गाठ पडली होती, शेजारी शेजारी बसून जेवण झालं होतं. त्यावरून बोलणं निघालं आणि पाहुणे मुलगी बघायला येणार असं ठरलं.

हे त्यांनी मला बाभळीच्या विरळ सावलीत बसून सांगितलं. त्याबरोबर त्यांनी आदेशाचा आपला अर्थही सांगितला. त्यांच्या मते तो आदेश त्यांच्या एकट्यासाठी होता. चेअरमनांच्या नात्यातल्या कुणाला तरी नोकरीत घेण्याबद्दल त्यांनी हरकत घेतली होती. तेव्हापासून चेअरमनांना त्यांचा राजीनामा हवा होता. बाकीच्यांना नुसतं बरोबर ओढलं होतं.

“मग देऊन टाका,” मी म्हटलं.

“देतो की. पण मग क्वार्टर सोडावं लागेल. पाहुणे येणार कुणाच्या दारात? मॅनेजरची मुलगी म्हणून येताहेत ते. माजी मॅनेजरची म्हणून नव्हे.” त्यांनी हाताचे फोड बघितले. “हे स्थळ गेलं तर चौथं यायचं नाही, अहो. एवढं जमलं की मग चेअरमन आणि त्यांचं घमेलं.”

पाहुण्यांचं येणं सुट्टीच्या दिवशी ठरवलं होतं. त्या दिवशी खड्डा बंद असे. पण ते आधीच, कामाच्या दिवशी आले. येडशीला रामलिंगाच्या दर्शनाला निघाले होते, वाटेत ट्रक मिळाला, तर म्हणाले, जाता जाता हेही काम उरकू. हे आम्हाला नंतर कळलं.

दुपारी तीन माणसं पायवाटेनं खड्ड्याकडे आली. पुढं धोतर, कोट आणि पटक्यातले उंच गृहस्थ, ते मुलाचे वडील. मागं मुलाचा मामा आणि मध्यस्थ. मॅनेजरसाहेब नेमके भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन खड्ड्यातून वर येत होते. मुलाचे वडील त्यांच्यासमोर हाताच्या अंतरावर उभे राहिले. मी ओळीत त्यांच्या मागं होतो. दोघांची नजरानजर झालेली मी पाहिली. मॅनेजरसाहेबांचा एक हात घमेल्याला होता, दुसरा नमस्कारासाठी छातीपर्यंत आला.

मुलाच्या वडिलांनी नजर काढून घेतली आणि मुकादमाला विचारलं, “मॅनेजरसाहेबांचं बिऱ्हाड कुठं हाय?”

मुकादमानं बोट उचललं. “मॅनेजरसायेब तर हेच...”

“बिऱ्हाड इचारलं म्या.”

मुकादमानं एकदा त्यांच्याकडे, एकदा मॅनेजरसाहेबांकडे पाहिलं. मग त्याचं बोट वळलं. “त्या पत्र्याच्या खोल्या दिसत्यात का? शेवटची.”

तिघंही मॅनेजरसाहेबांच्या अंगावरून, त्यांना वाट करून देत, निघून गेले. मामानं तर मान पार दुसरीकडे फिरवली होती. मॅनेजरसाहेबांचा हात छातीशीच राहिला. मग पुढच्या आजीबाईनं वळून, “चला, सायेब, वज्जं हाय डोस्क्यावर,” असं म्हटल्यावर ते चालू लागले, मुरूम टाकून आले, रिकामं घमेलं घेऊन पुन्हा खड्ड्यात उतरू लागले.

मी म्हटलं, “घरी जा तुम्ही. पाहुणे आलेत.”

“कोणाचे पाहुणे?” ते म्हणाले. “त्यांनी मला ओळखलं नाही. शेजारी बसून जेवलेला माणूस. आमच्याकडं दारात आलेल्या भिकाऱ्यालासुद्धा कोण रे म्हणून विचारतात.” त्यांनी घमेलं दुसऱ्या हातात घेतलं. “तुम्ही एक करा. घरी जाऊन सांगा, मी उमरग्याला गेलोय.”

“पण त्यांनी तुम्हाला...”

“उमरग्याला गेलोय म्हणून सांगा.”

मी गेलो. खोलीत सतरंजी टाकलेली होती. पाय धुऊन पाहुणे भिंतीला टेकून ऐसपैस बसले होते. मॅनेजरसाहेबांच्या पत्नी चहाच्या तयारीत होत्या. आतल्या दाराआड मुलीच्या बांगड्या वाजत होत्या; तिला अजून बाहेर बोलावलेलं नव्हतं. मी येताना मुलाचे वडील म्हणत होते, “सायबांचं काम चालू द्या, बाई. आमाला गडबड न्हाय. आमी सांजपतूर बसतो.” त्यांचा चेहरा प्रसन्न होता. तुच्छतेनं तोंड फिरवून आलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. मला त्याचा मेळ लागेना.

मी निरोप सांगितला.

“उमरग्याला?” मुलाच्या वडिलांनी विचारलं.

“हो.”

“कवा गेले?”

“सकाळी.”

मामाला ठसका लागला. मुलाच्या वडिलांनी चहा सावकाश संपवला, कप बशीत ठेवला. मध्यस्थाकडे पाहिलं, तो सतरंजीकडे बघत होता. “बरंय,” ते म्हणाले. “मग आमी निगतो, बाई. येडशीची गाडी गाठायची हाय.”

“अहो, पण सांजेपर्यंत बसणार होतात. शिरा टाकलाय मी.”

“आता कशाला. समजलं आमाला.”

ते गेले. मॅनेजरसाहेबांच्या पत्नी हातात पळी घेऊन उभ्या होत्या. “भाऊजी, काय समजलं त्यांना?” त्यांनी मला विचारलं. आतून मुलगी दारात आली. ती म्हणाली, “काका, उमरग्याला गेलेले बाबा आता घमेलं घेऊन घरी येतील. त्यांना काय सांगायचं?”

शेतकी अधिकारी त्या दिवशी ऊस बेण्याच्या मळ्यावर होते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांना सगळं कळलं. ते भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होते.

“साहेब, तुमी त्यांना नमस्कार केला?”

“हात वर केला.”

“डोक्यावर घमेलं असताना?”

“मग काय, घमेलं फेकून?”

“अरारा. म्हंजी तुमीच ओळख द्यायला निघाला हुता. त्यांनी बिचाऱ्यांनी तुमाला सांभाळून घेतलं.”

मॅनेजरसाहेबांनी डबा खाली ठेवला.

“आवो, इकडं कामावर ओळख देत न्हायत,” शेतकी अधिकारी म्हणाले. “बहात्तर सालापास्नं हाय ही रीत. त्या साली कोन न्हवतं खडी फोडायला? ज्यांच्या घरात गडी राबायचे त्यांच्या बाया तोंडावर पदर वढून रस्त्यावर बसल्या. आमची आई हुती. माझ्या भनीची सासू त्याच कामावर निगाली. दोघी दिसभर पाठीला पाठ लावून बसायच्या, एक शबुद बोलायच्या न्हाईत. सांजच्याला सासू आमच्या घरी यायची, सतरंजीवर बसायची, आन आई इचारायची, ‘कवा आलाव?’ ती म्हनायची, ‘ही काय, आत्ताच.’ एकाच ढिगाचा धुरळा दोघींच्या केसात. पर डोक्यावर पाटी असली की पाव्हना दिसतच नसतो. आंघोळ करून घरी आला, की मग दिसतो.”

बहात्तरच्या दुष्काळात मी सोलापुरात होतो. किती कामं निघाली, किती टँकर आले, कोणत्या मंत्र्यांनी कुठं पाहणी केली, याच्या बातम्या रोज माझ्या टेबलावरून जात होत्या. ही रीत त्यातल्या एकाही बातमीत नव्हती. ती बातमी होण्यासारखी गोष्ट नव्हती, किंवा ज्यांनी बातम्या पाठवल्या तेही ओळख न देणाऱ्यांपैकीच होते.

मॅनेजरसाहेबांना पटेना. त्यांनी मुकादमाला हाक मारली. “तुला हे माहीत होतं?”

“व्हय की.”

“मग बोलला का नाहीस मला?”

“कसं बोलू, सायेब? तुमी कामावर हुता.”

शेतकी अधिकारी हसले, मग गंभीर झाले. “पर तुमी उमरगं कशाला काढलं मधीच? त्ये लई वंगाळ झालं. मानूस घरी असून गावाला गेलाय म्हनून सांगायचं, ही आमच्याकडं स्थळ नको म्हनायची पद्धत. ते सांजपतूर बसनार हुते, म्हंजी त्यांच्याकडनं पसंतच म्हना. तुमी त्यांना उठीवलं.”

मॅनेजरसाहेबांनी डब्याला झाकण लावलं. मग म्हणाले, “मला एक कळत नाही. त्यांनी तोंड फिरवलं तो मान. मी खोटं बोललो तो अपमान. आणि हे सगळं मी सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक.”

“मलाही नव्हतं,” मी म्हटलं. त्यांना त्याचा उपयोग झाला नाही.

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं तामलवाडीला उतरलो आणि तिथून चालत गावात गेलो. मॅनेजरसाहेबांनी इस्त्रीचे कपडे घातले होते, दाढी केली होती. रस्त्यानं त्यांनी शेतकी अधिकाऱ्यांना तीनदा विचारलं, आधी काय बोलायचं असतं. शेतकी अधिकारी म्हणाले, “ह्याची रीत न्हाय, साहेब. असं अजून कुनी केलं न्हाय.”

मुलाचे वडील गोठ्यासमोर बाजेवर बसले होते. गोठ्यात एकच बैलजोडी होती, बाकी दावणी मोकळ्या. त्यांनी उठून नमस्कार केला, गूळ-पाणी मागवलं, आम्हाला बाजेवर बसवलं. शेतकी अधिकाऱ्यांनी माझी ओळख करून दिली, आधी पेपरात होते म्हणून. मग मॅनेजरसाहेबांकडे बघून म्हणाले, “कवा आलात उमरग्याहून?”

मॅनेजरसाहेबांनी हातातला गूळ खाली ठेवला. “मी गेलोच नव्हतो.”

“आमी बी तुमाला बगितलंच न्हवतं.”

शेतकी अधिकाऱ्यांनी मोठ्यानं हसून बाजू सावरायचा प्रयत्न केला आणि सगळा घोळ सांगितला. साहेब साताऱ्याकडचे, त्यांना इकडचं ठाऊक नाही, त्यांना वाटलं तुम्ही तोंड फिरवलं. मुलाचे वडील मान हलवत ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला. मला वाटलं, मिटलं.

“चालायचंच,” ते म्हणाले. “आनी त्यात लाजायचं काय? बहात्तरला आमी सगळ्यांनी उचलली पाटी. कारखाना बुडाला म्हंत्यात, त्यो काय तुमचा दोष हाय? पोटासाठी मानूस काय करत न्हाय.”

“कारखाना बुडालेला नाही,” मॅनेजरसाहेब म्हणाले.

“न्हाय? मग पगार थकलाय म्हना.”

“नाही. पगार वेळेवर होतो.”

मुलाच्या वडिलांनी एकदा मामाकडे पाहिलं. मामा गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता. “पगार चालू हाय. पद चालू हाय. मग घमेलं कामून?”

हा प्रश्न त्यांनी साधेपणानं विचारला होता. कारखान्यात इतके दिवस आम्ही त्याभोवती फिरत होतो, पण तो असा समोर कुणी ठेवला नव्हता. मी म्हटलं, सहकारात श्रमाला प्रतिष्ठा देण्याचा एक प्रयत्न म्हणून...

“तुमी जरा थांबा, पेपरवाले. म्या ह्यांना इचारतोय.”

“चेअरमनची लहर हो,” शेतकी अधिकारी म्हणाले.

“लहर त्यांची. डोकं ह्यांचं.” मुलाचे वडील मॅनेजरसाहेबांकडे वळले. आवाज चढला नव्हता, पण त्यातला मोकळेपणा गेला होता. “राग मानू नका. आमी उचलली तवा बैलं मेली हुती, घरात दाना न्हवता. लाज हुती, पर कारन हुतं. म्हनून तर एकमेकाला झाकलं. तुमाला म्या झाकलं त्ये तुमचं बी तसंच असंल म्हनून. आता तुमी म्हनता तसं न्हाय. मग मला कळूं द्या. उद्या चेअरमन म्हनाला, डोक्यावर उभं ऱ्हावा, तर ऱ्हानार का? आमच्या पोराचा सासरा कसा मानूस हाय, येवडं तरी मला ठावं पायजे.”

अडचण नेमकी उलटी झाली होती. मॅनेजर मजुरी करतो, यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. गरज नसताना करतो, याचा वाटत होता.

मॅनेजरसाहेब पाण्याच्या तांब्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ते उठून चालू लागतील. शेतकी अधिकाऱ्यांनाही तसं वाटलं असावं, कारण त्यांनी पायात चपला सरकवल्या.

“मी नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती,” मॅनेजरसाहेब म्हणाले. “निदान मला तसं वाटलं. खरं खोटं मला माहीत नाही. नोकरी गेली की जागा गेली. मग तुम्ही आला असता कुणाकडे? पोरीचं जमेपर्यंत टिकायचं, असं ठरवलं होतं. त्यासाठी घमेलं तर घमेलं.”

“पोरीला ठावं हाय ह्ये?”

“मी सांगितलेलं नाही. तिला कळत असेल.”

मुलाचे वडील बाजेवर मागं सरकून बसले. मामा खांबापासून पुढं आला.

“मग त्ये पोटासाठीच झालं की वो,” मुलाचे वडील म्हणाले. “सरळ सांगायचं सोडून उमरगं काय, नि काय काय.” त्यांनी घराकडे तोंड करून हाक दिली, “आवो, भाकरी टाका. पाव्हने जेवून जात्यात.”

परतीच्या एसटीत मॅनेजरसाहेबांनी मला विचारलं, “त्यांनी माझी किंमत केली, की कीव केली?” मी म्हटलं, मला सांगता यायचं नाही. ते म्हणाले, “मलाही.” पण पाहुणे पुढच्या सुट्टीला आले. मुलीला बाहेर बोलावलं. त्यांनी तिला विचारण्याआधी तिनंच विचारलं की गावात पाणी कुठून आणावं लागतं, आणि मुलाच्या वडिलांनी तिला विहिरीची खरी स्थिती सांगितली. सुपारी फुटली. लग्न उन्हाळ्यात, कारखान्याच्या शेडसमोरच्या मांडवात झालं. तोपर्यंत मॅनेजरसाहेब खड्ड्यावर जातच होते, आणि आम्हीही.

लग्नाला चेअरमन आले. त्यांना मानाच्या पंगतीला बसवलं. मुलाचे वडील माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “ह्येच का ते?”

“हेच.”

“ह्यांना इचारलं का कुनी, कामून म्हनून?”

कुणी विचारलेलं नव्हतं. प्रत्येकाकडे आपापलं उत्तर तयार होतं, त्यामुळे ते राहून गेलं होतं.

“मग इचारा की. तुमी पेपरवाले ना?”

मी गेलो. चेअरमन हात धूत होते. मी विचारलं, ते अधिकाऱ्यांचं घमेल्याचं काम अजून किती दिवस चालायचं आहे. त्यांनी टॉवेल घेतला आणि माझ्याकडे मोठ्या समाधानानं पाहिलं.

“तेच तुम्हाला म्हणणार होतो. सभेत मी आपलं बोलून गेलो, वेळ मारून न्यायला. पण तुम्ही लोक खरंच उतरलात, स्वतःहून. जीपमधून बघायचो रोज. दोनदा वाटलं, पुरे म्हणावं. पण म्हटलं, एवढ्या उमेदीनं करताहेत, मन कशाला मोडा.”

“पण घमेली तर जीपमधून आली होती.”

“हो का? ठेकेदारानं दिली असतील.” ते पान घ्यायला गेले.

मी परत येऊन मुलाच्या वडिलांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ते ऐकलं, मग पंगतीकडे पाहिलं. मॅनेजरसाहेब बुंदीची परात घेऊन वाढत होते. आग्रह करत होते. त्यांच्या तळहातावरचे घट्टे इतक्या लांबून दिसत नव्हते.

“म्हंजी कारन न्हवतंच,” मुलाचे वडील म्हणाले.

“नव्हतं असं दिसतं.”

“त्यांना सांगू नका.”

मॅनेजरसाहेब परात घेऊन आमच्याकडे आले. “काय चाललंय दोघांचं?”

“काय न्हाय, इवाई,” मुलाचे वडील म्हणाले. “उसाचं बोलत हुतो. वाढा, बुंदी वाढा ह्यांना.”